शेषाबाईच्या स्वाधीन

मधल्या सुट्टीत शाळेसमोरून उसाचा ट्रॅक्टर आला की शेषाबाई चुलीवरची खिचडी तशीच सोडून रस्त्यावर जाऊन उभी राहायची. हातात पळी असायची. दोन ट्रॉल्या जोडलेला, गाणी ठणाणा वाजवत येणारा तो ट्रॅक्टर करकचून थांबायचा. ड्रायव्हर शिवी द्यायला तोंड उघडणार तोच ही म्हणायची, "खाली उतर. दोन्ही ट्रॉल्यायखाली बघून ये. मंग जा."

"म्हातारे, तुह्या बापाचा रस्ता हाय का?"

"बापाचा न्हाई, लेकरायचा हाय. उतर."

आणि तो उतरायचा. तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा वाकून दोन ट्रॉल्या बघणं त्याला सोपं वाटत असावं. गावातली माणसं मग माझ्याकडे यायची, "बाई, तुमच्या खिचडीवालीला आवरा." मी आवरायला जायची. "शेषाबाई, असं रस्त्यात उभं राहू नका हो." ती पळी झटकत म्हणायची, "कावून वो बाई? दोन मिनिटानं कारखाना बंद पडतो का?" तिचं हे 'कावून', म्हणजे 'का म्हणून', सगळ्या गावाला पाठ झालं होतं.

तोंडावर मी तिला नेहमी अहोजाहोच केलं. बावीस वर्षांचा आमचा शेजार. त्यातली चौदा वर्षं एका शाळेत, मी शिकवायला आणि ती पोषण आहार शिजवायला. पण आता लिहायला बसले तर 'त्या शेषाबाई' असं मनातसुद्धा येत नाही. तेव्हा इथं ती 'ती'च राहू दे.

युसूफ वडगावला माझी बदली झाली तेव्हा मला तिच्या भिंतीला लागून असलेली खोली मिळाली. अंगानं वाळकी, चालायला वाऱ्यासारखी, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी बाई. ती घरात बसलेली मी क्वचितच पाहिली. बसायची ती उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. बोलता बोलता हाताच्या अंतरात एखादं पोर आलं की तिचा हात आपोआप त्याच्या सदऱ्याचा नाहीतर फ्रॉकचा कोपरा धरायचा. बोलणं चालूच. ते पोर बिचारं गोष्ट संपेपर्यंत अडकून पडायचं. गल्लीतली पोरं तर तिच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेनं जायची.

माझ्या हजेरीपटावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा ताटल्या वाढून झाल्यावर ती वर्गाच्या दारात आली. "बाई, सकाळी तुमी एक्केचाळीस म्हणलात. मह्याकडं एकुणचाळीसच जेवले. दोन कुठंयत?" मी म्हटलं, असतील इकडंतिकडं. ती गेली आणि अर्ध्या तासानं मळ्यातल्या बोरीखालून दोन पोरींना दंडाला धरून घेऊन आली. त्या पोरी रडत होत्या, ओट्यातली बोरं सांडत होती आणि शेषाबाईचा श्वास लागला होता. मला हसू आलं. तिला आलं नाही.

दसरा झाला की अर्धं गाव ऊस तोडायला निघून जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली रीत. तिचा नवरा सोपान मात्र दरसाल एकटाच जायचा, अर्धा कोयता म्हणून. मुकादम येऊन तिला विनवायचा, सोपान चिडायचा, सासू जिवंत होती तोवर तीही बोलायची. शेषाबाई जागची हलायची नाही. गावात म्हणायचे, शाळेत भात शिजवायला लागल्यापासून हिला मिजास चढली. मलाही थोडंफार तसंच वाटायचं.

एका दुपारी आम्ही दोघी शाळेच्या ओसरीत तांदूळ निवडत होतो. पहिलीतल्या एका पोरीचा फ्रॉक तिनं एका हातानं धरून ठेवला होता आणि एका हातानं ती सुपातले खडे काढत होती. मी थट्टेनं म्हटलं, "शेषाबाई, सोडा की तिला. उडून जाणार आहे का ती?"

तिनं सोडली. पोरगी पळाली. मग बराच वेळ ती सूप पुढं-मागं करत राहिली.

"मही पयली पोरगी गेली बाई," ती म्हणाली. "मंदा. अडीच वर्साची व्हती. फडात ऊस तोडताना रोज बांधावरच्या बाभळीला बांदून ठिवायची मी तिला. जुन्या लुगड्याचा काठ, कंबरंला. त्या दिशी लई रडली. म्हणलं ऱ्हाऊ दे, एक दिस खेळू दे मोकळी. तर जाऊन ट्रॉलीच्या सावलीत निजली. टॅक्टरवाल्याला काय ठावं?"

इतकंच. तिनं सुपातला खडा टिपून बाहेर टाकला आणि म्हणाली, "कुणाला सांगू नका. अंगदला बी धड ठावं न्हाई." अंगद तिचा मुलगा, मंदा गेल्यावर दोन वर्षांनी झालेला. त्याच्यासाठी तिनं कोयता सोडला होता. त्या दिवसापासून मी ट्रॅक्टरच्या बाबतीत तिला आवरायला गेले नाही.

अंगद माझ्याच हाताखाली शिकला. हुशार निघाला. आधी लातूर, मग पुणे, मग सिंगापूर. सोपान वारला त्या साली अंगदचं लग्न झालं होतं. बायको केतकी, पुण्याची. ती वाईट नव्हती हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कुणाला तसं वाटेल. नीटनेटकी, मोजकं बोलणारी, लेकीला जिवापलीकडं जपणारी मुलगी होती. मीरा झाल्यावर दोनदा ती वडगावला आली, एकेक दिवस. शेषाबाईनं नातीला घ्यायचं ते बसूनच, आणि केतकी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून शेजारी. पाणी प्यायला उठली तरी लेकीला काखेत घेऊन उठायची.

ते लोक गेल्यावर शेषाबाई उंबऱ्यावर येऊन बसली. "बाई, एकदा तरी मह्या एकटीपाशी ठिवून कुठं जाईल का वो ती?"

आजी होणं म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं. लेकराची आई निर्धास्त पाठ फिरवून निघून जाते, ते होणं. ती दुसरं काही मागत नव्हती. लेकानं घर बांधून देतो म्हटलं तर नको म्हणाली, टीव्ही पाठवला तो माझ्या खोलीत लावला.

मी म्हटलं, "केतकीला मंदाचं सांगून बघा. बाईमाणूस आहे, कळेल तिला."

"कावून? सांगितलं तर कवाच देणार न्हाई मंग. म्हणंल, जिला सोताचं लेकरू संबाळता आलं न्हाई..." पुढचं तिनं गिळलं. "मी जित्ती हाय तवर सांगू नका. शपत हाय तुमाला."

दोन वर्षांपूर्वी अंगदचा फोन आला. आईला सिंगापूर दाखवायचंय, पण ती एकटी विमानात बसणार नाही, तुम्ही घेऊन या. मी नुकतीच निवृत्त झाले होते, गुडघे दुखत होते, पण नाही म्हणवलं नाही. विमानात शेषाबाई मुळीच घाबरली नाही. पट्टा मात्र तिला फार आवडला. मी तो लावून दिल्यावर तिनं दोनदा ओढून पाहिला, मग मान वळवून मागच्यापुढच्या सगळ्यांचे पट्टे पाहिले. "येवढाल्या मानसायला बी बांदत्यात बगा," ती समाधानानं म्हणाली. "शानी मानसं हायत."

सिंगापुरात पाच दिवस झाले तरी मीरा तिच्याजवळ जाईना. साडेचार वर्षांची पोर. मराठी कळायचं, पण शेषाबाईचं मराठी कळायचं नाही. सहाव्या दिवशी रविवार होता. अंगदनं आम्हा सगळ्यांना तिथल्या एका मोठ्या मनोरंजनाच्या बागेत नेलं. पाळणे, घसरगाड्या, खोटे डोंगर, खोटे किल्ले. अंगदनं आईच्या पायात पांढरे बूट घातले होते आणि ती त्यांच्याकडे बघत बघत चालत होती. दारातून आत गेल्यावर दहा पावलं चालून ती थांबली. "बाई, देव कुठंय?"

"इथं देव नाही हो. ही नुसतीच जत्रा."

"कावून?" ती म्हणाली. तिनं नारळ आणला होता. पिशवीत होता तो. केज तालुक्यातून निघालेला तो नारळ विमानातून इथवर आला होता. कुणापुढं फोडायचा हेच तिला समजेना. शेवटी तिनं तो परत पिशवीच्या तळाशी ठेवला.

एका चौकात मोठ्या अस्वलाचं सोंग घेतलेला कुणीतरी पोरांबरोबर फोटो काढून घेत होता. रांग लागली होती. ऊन मी म्हणत होतं. शेषाबाईनं थोडा वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "आत मानूस हाय ना?" मी म्हटलं, हो. "मंग कवाधरनं हुभा हाय त्यो. उकडत आसल की." ती सरळ रांग मोडून पुढं गेली, अस्वलाच्या पंजाला धरून त्याला झाडाच्या सावलीत आणलं आणि पाण्याची बाटली पुढं केली. त्याला मुखवटा काढायची बंदी असणार. त्यानं दोन्ही पंजे जोडले. अंगद लाजून लाल झाला. पण मीरा खदाखदा हसली आणि त्या सहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून आजीच्या जवळ येऊन उभी राहिली.

दुपारी अंगद-केतकीला एका उंच घसरगाडीत, रोलर कोस्टरमध्ये, बसायचं होतं. लग्नाआधी दोघं अशाच कुठल्या गाडीत बसले होते म्हणे. मीराला तिथं घेत नव्हते. केतकी घुटमळली. मग मीराचा हात तिनं माझ्या हातात दिला. "बाई, तुम्ही आहात ना? नजर ठेवा प्लीज. अर्ध्या तासात येतो."

बाकावर माझ्या शेजारी शेषाबाई बसली होती. तिनं आपले हात मांडीवर नुसते ठेवले होते, पंजे वर करून. मला ते बघवलं नाही. केतकी दिसेनाशी झाल्यावर मी उठले. "मी जरा पाणी घेऊन येते. लेकराकडं बघा," असं म्हणून मीराचा हात तिच्या हातात दिला. पाण्याची दोन दुकानं बाकाला लागून होती. मी मुद्दाम लांबच्या दुकानात गेले.

परत येताना मी पाहिलं. शेषाबाईनं पदराचं टोक मीराच्या मनगटाला बांधलं होतं, घट्ट. समोरून वाजतगाजत सोंगांची मिरवणूक चालली होती आणि मीरा तिच्या मागं धावत होती. पदर ताणला की आजी धावायची, आजी थांबली की पोर ओढायची. पांढऱ्या बुटांतली साठीची म्हातारी आणि ती पोर, दोघी हसत होत्या. डोक्यावरचा पदर गेला होता, केस सुटले होते. इतक्या वर्षांत मी शेषाबाईचे दात एवढे पाहिले नव्हते. मी बाटल्या हातात धरून तिथंच उभी राहिले. आणखी थोडं होऊ दे म्हटलं. ती माझी चूक.

बागेच्या गणवेशातली एक मुलगी त्यांच्याजवळ गेली. तिचं काही चुकलं नाही. लेकरू बांधलेलं, म्हातारीला इंग्रजी येत नाही, कुणीही विचारलं असतं. तिनं वाकून मीराला विचारलं, ही तुझी कोण? मीरा अनोळखी माणसाला बुजली आणि रडायला लागली. शेषाबाई छातीवर हात ठेवून म्हणत होती, "आज्जी हाय. आज्जी." मी गुडघे ओढत पोचले तोवर अंगद आणि केतकीही गर्दीतून धावत आले.

केतकीचा चेहरा पांढरा पडला होता. ती मनगटाची गाठ सोडायला लागली. तिला सुटेना. नखं लावली तरी सुटेना. शेवटी शेषाबाईनंच खाली बसून दोन बोटांनी ती सोडली.

"आई, ती काय शेळी आहे का बांधून ठेवायला?" केतकी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई, मी तुमच्याजवळ दिली होती ना तिला?"

आता बोलावं, असं मला वाटलं. मंदाचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याआधीच शेषाबाई म्हणाली, "बाईला मीच लावून दिलं पान्याला. त्यायला बोलू नगं. चुकलं महं."

माझी चूक तिनं अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली. शपथेचं कारण मला बरं सापडलं होतं.

उरलेला दिवस ती आमच्या मागं चार पावलं चालत राहिली, हात पाठीशी बांधून. संध्याकाळी केतकीनं माफी मागितली, मनापासून मागितली. शेषाबाई म्हणाली, "तू आई हायस. तू बोलनारच." पुढच्या आठ दिवसांत मीरा एकदाही तिच्याजवळ एकटी नव्हती, आणि तिनंही जवळ घ्यायला हात पुढं केला नाही.

गावी आल्यावर ती त्या दिवसाबद्दल बोलली नाही. मी विषय काढला तर, "कितीक वेळ धावलो वो आमी? धा मिन्टं तरी?" एवढंच विचारायची. मी म्हणायची, "जास्तच असेल." मान हलवून ती कामाला लागायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. अंबाजोगाईला दवाखान्यात पंधरा दिवस ठेवून घरी आणलं तेव्हा अंगद, केतकी आणि मीरा आले होते. डॉक्टरांनी अंगदला सांगायचं ते सांगितलं होतं. त्या दुपारी मी केतकीला माझ्या खोलीत बोलावलं आणि शपथ मोडली. बाभूळ, लुगड्याचा काठ, एक दिवस मोकळं सोडणं, सगळं सांगितलं. घसरगाडीच्या दिवशी तिच्या लेकीला सोडून मुद्दाम लांब गेले ती मी, हेही सांगितलं. केतकी भिंतीला टेकून खाली बसली. ती बराच वेळ रडली. मग तिनं तोंड धुतलं, मीराला उचललं आणि शेषाबाईच्या बाजेजवळ गेली.

"आई, मीराला तुमच्याजवळ ठेवते. मी जरा औषधं घेऊन येते."

शेषाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग मीराकडे. मग तिची नजर मला शोधायला लागली. "बाई," ती फुटक्या शब्दांत म्हणाली, "तुमी... जाऊ नका. हातात जोर न्हाई. पळाली तर... मी कशी पळू?"

मी दारात बसले. मीरा बाजेवर चढून चित्रं काढत होती. शेषाबाई एक क्षणही झोपली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिनं ते मिटले नाहीत. दोन तासांनी केतकी आली तेव्हा तिनं डाव्या हातानं मीराला हळूच पुढं ढकललं. "घे तुही लेक. नीट हाय. बघून घे."

केतकीनं बघितलं नाही. तिनं सासूचा तोच हात धरला आणि विचारलं, "उद्या पण ठेवू?"

दुसऱ्या दिवशी केतकी केजला गेली. तिसऱ्या दिवशी अंगदबरोबर अंबाजोगाईला गेली, दार ओलांडताना वळूनसुद्धा न बघता. मला कळलं की ते न वळणं ती मुद्दाम करत होती. शेषाबाईलाही कळलं असावं. त्या दिवशी ती मला म्हणाली, "जावा तुमी घरी. आमी हाव." मी उठले, पण घरी गेले नाही. ओसरीच्या भिंतीआड बसले, तिला दिसणार नाही अशी. आतून तिचा आवाज येत होता, एकेक शब्द लोटत काढलेला. "तुला एक आत्या व्हती," ती सांगत होती. "मंदा." मीरानं विचारलं, ती माझ्याएवढी होती का? "लहान व्हती," शेषाबाई म्हणाली. "तुह्यापरीस लहान."

अशा चार दुपारी तिला मिळाल्या. पाचव्या दिवशी सकाळी मी तिला चहा पाजायला गेले आणि चमचा तिच्या थंड पडलेल्या ओठांशी नेऊन परत खाली ठेवला. अंगदला उठवायला वळले तोच मागच्या खोलीतून केतकी आली. मीराचं डोकं विंचरून, तिच्या हातात खडूंची पेटी देऊन, तिला पुढं घालून ती बाजेकडे निघाली होती. मला त्यांच्या वाटेत आडवं उभं राहावं लागलं.

"आज नको," मी म्हटलं. "आज तिला तुझ्याजवळच ठेव."